जपानच्या लांब प्रवासात टोकियोचा थांबा: जागतिक ॲथलेटिक्सचे नऊ दिवस

उत्तरेला साप्पोरो, दक्षिणेला कागोशिमा आणि मध्ये टोकियो. जपान उभा पाहायचा तर रेल्वेचा रस्ता हाच. २०२५ च्या सप्टेंबरात या रस्त्यात मुक्काम ठोकायला एक सबळ कारण होतं: १३ ते २१ सप्टेंबर या काळात टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. आठवडाभर रोज नवं गाव आणि नवं हॉटेल करून कंटाळा आला की नऊ दिवस एकाच खोलीत राहणं ही चैनच. मात्र स्पर्धेची प्रत्येक घटका पाहायचा हट्ट धरला तर ही चैन प्रवासापेक्षा जास्त दमवते. सकाळचं सत्र आणि संध्याकाळचं सत्र मिळून दिवसाचे आठ-नऊ तास एका अरुंद खुर्चीवर जातात.

म्हणून तिकिटं आधी कुठली घ्यायची हे ठरवून टाकावं. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीची रात्र सगळ्यांनाच हवी असते आणि ती तिकिटं आधी संपतात. भारतीय प्रेक्षकाने उलट बाजूने सुरुवात करावी. आपले बहुतेक खेळाडू पात्रता फेरीतच दिसतात. अंतिम फेरीत पोचणारे दोन-तीन. पात्रतेची सत्रं आधी राखली की अंतिम फेरीचं जे मिळेल ते बोनस. या स्पर्धेत हे गणित किती नेमकं लागू पडलं ते पुढे येईलच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

साप्पोरोहून टोकियोला रेल्वेने यायचं तर पूर्ण दिवस धरावा. साप्पोरो ते शिन-हाकोदाते-होकुतो ही 'होकुतो' एक्स्प्रेस सुमारे साडेतीन ते पावणेचार तास घेते, तिथून टोकियोपर्यंत 'हायाबुसा' शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) चार-साडेचार तास. दोन्ही गाड्यांत सगळ्या जागा आरक्षित. 'आयत्या वेळी बिनआरक्षित डब्यात शिरू' हा विचार इथे चालत नाही. त्यात सोमवारी १५ तारखेला ज्येष्ठांच्या सन्मानाची सुट्टी, म्हणजे शनिवार ते सोमवार जोडून सुट्टी आणि शुक्रवारच्या गाड्या भरलेल्या. आरक्षण निदान आठवडाभर आधी हवं.

पासाचा हिशेब कागदावर मांडूनच करावा. देशभर चालणाऱ्या जपान रेल पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये बरीच वाढली: ७ दिवसांचा ५०,००० येन, १४ दिवसांचा ८०,०००, २१ दिवसांचा १,००,०००. पासाचे दिवस सलग मोजतात, टोकियोत बसून काढलेले दिवसही त्यातच जातात. उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ एकदाच जायचं असेल तर साप्पोरो–टोकियो आणि टोकियो–कागोशिमा ही दोन्ही तिकिटं प्रत्येकी तीस हजार येनच्या आसपास पडतात, म्हणजे पास घेणं तोट्याचं. पास परवडतो तो वाटेत आडवेतिडवे फाटे बरेच असतील तेव्हा. तसं असेल तर एक गंमत लक्षात घ्यावी: स्पर्धेच्या अलीकडे-पलीकडे ७ दिवसांचे दोन पास घेतले तरी १,००,००० येन आणि २१ दिवसांचा एक घेतला तरी तेवढेच. सहा दिवस उत्तर, नऊ दिवस टोकियो, सहा दिवस दक्षिण असा प्रवास २१ दिवसांत तंतोतंत बसतो आणि टोकियोतल्या जेआरच्या (जपान रेल्वेच्या) लोकल गाड्या त्यात फुकट होतात. 'नोझोमी' आणि 'मिझुहो' या सर्वांत वेगवान गाड्यांना मात्र पासावर वेगळे पैसे भरावे लागतात.

मोठी बॅग सोबत ओढू नये. 'ताक्युबिन' म्हणजे सामान पोचवणारी सेवा. काळ्या मांजरीची खूण असलेली कंपनी सर्वांत जास्त दिसते. हॉटेलच्या काउंटरवरून किंवा चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून बॅग पाठवता येते. तिन्ही बाजूंची बेरीज २०० सेंटीमीटरपर्यंत आणि वजन ३० किलोपर्यंत चालतं. होक्काइदोहून (साप्पोरोचं बेट) टोकियोला सहसा दोन दिवस लागतात, म्हणून बॅग १० तारखेलाच द्यावी आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या पिशवीत ठेवावे. चिठ्ठीवर हॉटेलचा पत्ता लिहून भागत नाही. खोली ज्या नावाने घेतली ते नाव आणि पोचण्याची तारीख दोन्ही लिहावी, नाहीतर हॉटेलवाले ती बॅग कुणाची ते ओळखू शकत नाहीत आणि ती परत जाते.

राहायची जागा निवडताना पिवळ्या पट्ट्याची चुओ-सोबु लोकल डोळ्यांसमोर ठेवावी. स्टेडियमला लागून सेंदागाया आणि शिनानोमाची ही या मार्गाची दोन स्टेशनं. शिंजुकूपासून योयोगी आणि मग सेंदागाया, दोनच थांबे. शिंजुकूची हॉटेलं महाग आणि रात्री गोंगाटाची. त्याच मार्गावर पूर्वेला असाकुसाबाशी, र्‍योगोकु, किंशिचो इकडे खोल्या स्वस्त मिळतात आणि गाडी न बदलता थेट जाता येतं. रात्री साडेदहाला सत्र संपल्यावर 'गाडी बदलावी लागत नाही' याची किंमत कळते. ओएदो भुयारी मार्गावरचं कोकुरित्सु-क्योगिजो हे स्टेशन तर स्टेडियमच्या दारातच आहे, पण तिथे जेआरचा पास चालत नाही आणि सुटताना सर्वांत जास्त गर्दी तिथेच होते. गिंझा मार्गावरचं गाइएनमाए दहा-एक मिनिटं चालून.

सुइका किंवा पास्मो हे गाडीभाड्याचं, आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड पहिल्याच दिवशी घ्यावं. चिपच्या टंचाईमुळे या कार्डांची साधी विक्री २०२३ मध्ये थांबवली होती, १ मार्च २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली. पेयांची यंत्रं, सामानाचे लॉकर, दुकानं, सगळीकडे हेच कार्ड चालतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पहिलं पदक चालण्याच्या शर्यतीत ठरलं. पुरुष आणि महिलांची ३५ किलोमीटर चाल सकाळी साडेसातला सुटली. मुळात आठ ठरली होती, उकाड्यामुळे अर्धा तास अलीकडे आणली. सुरुवात आणि शेवट स्टेडियमच्या आत, मधल्या फेऱ्या बाहेर जिंगू गाइएनच्या रस्त्यावर. रस्त्याकडेला उभं राहायला तिकीट लागत नाही. फेऱ्या छोट्या असल्याने तेच चालणारे पुन्हा पुन्हा समोरून जातात, त्यामुळे ज्याला ॲथलेटिक्स नवीन आहे त्याने इथूनच सुरुवात करावी.

पाहायचं काय? दोन नियम. एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे, आणि पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून शरीर त्याच्यावर सरळ उभं येईपर्यंत गुडघा ताठ पाहिजे. पंच नुसत्या डोळ्यांनी बघतात. लाल कार्डांचा फलक मार्गाच्या कडेला असतो, तो दिसेल अशी जागा धरावी. तीन लाल कार्डं झाली की ३५ किलोमीटरमध्ये साडेतीन मिनिटं दंडाच्या चौकटीत थांबावं लागतं, चौथ्या कार्डाला बाद. तिसऱ्या कार्डानंतर चालणाऱ्याची चाल कशी आखडते, ते टीव्हीवर कधीच दिसत नाही.

कॅनडाचा एव्हन डन्फी आणि स्पेनची मारिया पेरेझ जिंकले. जपानच्या हायातो कात्सुकीला कांस्य मिळालं आणि यजमानांचं खातं पहिल्याच सकाळी उघडलं. भारताचा संदीप कुमार २३वा आला.

दुपारी झोपावं. हे गमतीने नाही सांगत. सकाळी साडेसातच्या शर्यतीसाठी सहाला निघालेला माणूस रात्री दहाच्या शर्यतीला जागा राहत नाही. संध्याकाळी महिलांची १०,००० मीटर बिआट्रिस चेबेटने घेतली, गोळाफेक रायन क्राउझरने, आणि मिश्र ४×४०० रिले अमेरिकेने.

आता बसायच्या जागेविषयी, कारण आठवडाभर हाच प्रश्न येतो. कुठल्याही स्टेडियमवर धावपटू घड्याळाच्या उलट दिशेने पळतात. त्यामुळे मुख्य स्टँडमधून पाहताना १०० मीटरवाले डावीकडून उजवीकडे येतात आणि शेवटची रेषा उजव्या टोकाला असते. तिथलं तिकीट सर्वांत महाग. २०० मीटर समोरच्या सरळ बाजूच्या शेवटी, वळणाच्या तोंडाशी सुटते. १,५०० मीटर समोरची सरळ बाजू सुरू होते तिथून. फक्त धावण्यासाठी आलेल्याने रेषेजवळ बसावं. पण मैदानी प्रकार पाहायचे असतील तर तो महागडा कोपरा उलट गैरसोयीचा, कारण उंच उडीची गादी किंवा बांबूउडीची धावपट्टी पार दुसऱ्या टोकाला असू शकते. आयोजकांच्या नकाशात प्रत्येक प्रकाराची जागा दाखवलेली असते. तो नकाशा आणि वेळापत्रक शेजारी ठेवूनच जागा निवडावी. राष्ट्रीय स्टेडियमला तीन मजले. वरचा मजला चांगलाच उभा चढ आहे, पण तिथून संपूर्ण मैदान एका नजरेत येतं आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीतले डावपेच खालच्यापेक्षा वरूनच नीट कळतात.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी साडेसातला महिलांची मॅरेथॉन. केनियाची पेरेस जेपचिरचिर २:२४:४३ मध्ये आली, इथिओपियाची टिग्स्ट असेफा दोन सेकंदांनी मागे. ४२ किलोमीटरनंतरची ही चुरस स्टेडियमच्या आत, शेवटच्या सरळ पट्ट्यात झाली. कांस्य उरुग्वेच्या जुलिया पातेर्नाइनला. आपण तिसऱ्या आलो आहोत हे रेषा ओलांडल्यावरही तिला ठाऊक नव्हतं. रस्त्यावर उभं राहून मॅरेथॉन फुकट पाहता येते, पण हा शेवट पाहायला सकाळच्या सत्राचं तिकीट लागतं.

संध्याकाळी उंच उडीची पात्रता फेरी होती. बहुतेक लोक त्या रात्री १०० मीटरसाठी आले होते. मराठी माणसाने मात्र उंच उडीच्या बाजूला बसायला हवं होतं, कारण नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे तिथे उडी मारत होता. २.२५ मीटर पार करून तो अंतिम फेरीत गेला. जागतिक स्पर्धेच्या उंच उडीत अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय.

रात्री दहानंतर मेलिसा जेफरसन-वुडनने १०० मीटर १०.६१ मध्ये घेतली आणि पाठोपाठ जमैकाच्या ऑब्लिक सेव्हिलने ९.७७ मध्ये. 'सेट' म्हटल्यापासून बंदुकीच्या आवाजापर्यंत साठ हजारांचं स्टेडियम कसं चिडीचूप होतं, ते एकदा अनुभवायलाच हवं. मोबाइल सायलेंटवर ठेवावा. त्या क्षणी वाजला तर आजूबाजूचे बोलत नाहीत, नुसते बघतात.

१५ सप्टेंबर, सोमवार

पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये टांझानियाचा अल्फोन्स सिम्बु आणि जर्मनीचा अमानल पेट्रोस दोघांची वेळ एकच, २:०९:४८. फरक सेकंदाच्या तीन शतांशांचा, निकाल छायाचित्रावरून. दहाच्या सुमारास महिलांच्या ३,००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेऱ्या झाल्या. त्यात पारुल चौधरी आणि अंकिता ध्यानी. स्टीपलचेस पाहायची जागा एकच, पाण्याच्या खड्ड्यासमोर. अडथळ्यालगत पाणी खोल आणि पुढे उथळ होत जातं. दमलेला धावपटू अडथळ्यावर पाय देऊन जवळच उतरतो, म्हणजे खोल पाण्यात पडतो, आणि बाहेर यायला एक पाऊल जास्त लागतं. कोण किती दमलंय ते घड्याळाआधी तिथे दिसतं.

संध्याकाळी मुरली श्रीशंकरची लांब उडी आणि तेजस शिरसेची ११० मीटर अडथळा शर्यत, दोन्ही पहिल्या फेरीच्या. जाता जाता: याच जागी, जुन्या स्टेडियमवर, १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये गुरबचनसिंग रंधावा ११० मीटर अडथळ्यांत पाचवे आले होते. त्याआधी १९५८ च्या आशियाई स्पर्धेत मिल्खासिंगांनी इथेच २०० आणि ४०० मीटर जिंकली. आणि १९९१ च्या जागतिक स्पर्धेत माइक पॉवेलने इथेच ८.९५ मीटर उडी मारली, जो लांब उडीचा विश्वविक्रम आजही उभा आहे. ते जुनं स्टेडियम २०१५ मध्ये पाडलं. आजची इमारत केंगो कुमाच्या आराखड्याची, २०१९ मध्ये पूर्ण झालेली. छताच्या कडांना जपानच्या ४७ही प्रांतांतलं लाकूड वापरलंय.

रात्री बांबूउडी. इथे घरी परतायच्या घाईने लोक हमखास फसतात. वेळापत्रकात सुरुवातीची वेळ असते, शेवटाची नसते. मैदानात बरेच जण असतात तोवर प्रत्येक उडीला एक मिनिट मिळतं. पण एकटाच उरला की पाच मिनिटं. आर्मांद डुप्लांटिस एकटा उरला, बाकीच्या शर्यती संपल्या, आणि आडवी दांडी ६.३० मीटरवर गेली. तीन प्रयत्न म्हणजे कमाल पाऊण तासाची बेगमी, कारण मध्ये दांडी पुन्हा बसवणं, खांब मागेपुढे सरकवणं हेही येतं. तिसऱ्या प्रयत्नात तो पार झाला. त्याचा हा चौदावा विश्वविक्रम. टोकियोतल्या शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास असतात, तेव्हा बांबूउडीच्या रात्री साडेदहाला उठून पळायचं काही कारण नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मंगळवार ते शुक्रवार सकाळची सत्रं नव्हती. खरा आराम या चार दिवसांत. पहिली सकाळ कपडे धुण्यात घालवावी: बहुतेक बिझनेस हॉटेलांत नाण्यावर चालणारं यंत्र असतं, धुणं आणि वाळवणं मिळून काही शे येन आणि दोन तास. संध्याकाळी ही यंत्रं रिकामी मिळत नाहीत, सकाळी दहानंतर मिळतात.

रात्री उंच उडीची अंतिम फेरी. निकालाचा फलक वाचता आला पाहिजे: गोल म्हणजे पार, फुली म्हणजे चूक, आडवी रेघ म्हणजे ती उंची सोडून दिली. सलग तीन फुल्या झाल्या की खेळ संपला. दोघांनी पार केलेली शेवटची उंची एकच असेल तर त्या उंचीवर कमी फुल्या असलेला वर, तरीही बरोबरी असेल तर त्या उंचीपर्यंतच्या एकूण फुल्या मोजतात. म्हणून खालच्या उंचीवरची एखादी आळसाने झालेली चूक शेवटी पदक घेऊन जाते.

सर्वेशने २.२८ मीटर तिसऱ्या प्रयत्नात पार केलं. ती त्याची कारकिर्दीतली सर्वोत्तम उडी, आणि स्थान सहावं. न्यूझीलंडच्या हॅमिश करने २.३६ ने सुवर्ण घेतलं, दक्षिण कोरियाच्या वू सांग-ह्योकने २.३४ ने रौप्य. उंच उडी बाजूने पाहण्यापेक्षा किंचित तिरक्या कोनातून पाहावी. धावण्याची रेघ शेवटी वळते, त्या वळणात शरीर आत झुकतं, आणि टेक घेताना ते झुकलेपण सरळ होतं. उडीची सगळी ताकद तिथून येते. वळण लवकर तुटलं की माणूस दांडीच्या वर जायच्या ऐवजी दांडीवर जातो.

१७ सप्टेंबर, बुधवार

दिवसा कामाकुरा, देवळांचं जुनं गाव. टोकियो स्टेशनवरून योकोसुका लोकलने तासभर. पाच वाजायच्या आत परत फिरावं, कारण नंतर कार्यालयं सुटतात आणि डब्यात उभं राहायलाही जागा नसते. निक्कोला जाण्याचा मोह आवरावा. जाऊन-येऊन चार तासांच्या वर प्रवास होतो आणि रात्रीचं सत्र पेंगत काढावं लागतं.

संध्याकाळी ७:१० ला भालाफेकीचा 'अ' गट, पावणेनऊला 'ब' गट. थेट पात्रतेची रेषा ८४.५० मीटर. भारताचे चौघे: नीरज चोप्रा, सचिन यादव, रोहित यादव, यशवीर सिंग. नीरजने पहिल्याच फेकीत ८४.८५ मीटर टाकले, पिशवी उचलली आणि निघून गेला. या स्टेडियमवर त्याने ७ ऑगस्ट २०२१ ला ८७.५८ मीटरच्या फेकीने ऑलिंपिक सुवर्ण घेतलं होतं, पण तेव्हा करोनामुळे प्रेक्षागार रिकामं होतं. त्याला इथे प्रेक्षकांसमोर पाहायची संधी आता आली, आणि त्या रात्रीपुरती ती पहिल्या गटाच्या पहिल्या फेरीत संपली. साडेसातला येऊ म्हणणाऱ्यांची चुकलीच असणार. पात्रता फेरीत थोडं आधी येऊन बसावं ते यासाठी. सचिन यादवही अंतिम फेरीत गेला. 'ब' गटात ग्रेनाडाच्या अँडरसन पीटर्सने ८९.५३ टाकले आणि पाकिस्तानच्या अर्शद नदीमने तिसऱ्या प्रयत्नात ८५.२८.

भाला पाहायला धावपट्टीच्या मागे बसू नये. मागून भाला नुसता लहान होत जाताना दिसतो. बाजूच्या स्टँडमध्ये, फेकीच्या रेषेपासून थोडं पुढे बसावं. तिथून पुढचा पाय कसा टेकतो आणि गुडघा ताठ राहतो की वाकतो हे दिसतं. पायाने गाडी थांबवली तर वेग हातात जातो, गुडघा वाकला तर जमिनीत. त्याच जागेवरून भाला ८० मीटरच्या रेघेपलीकडे टोचतो का हेही कळतं. पांढरा झेंडा म्हणजे फेक वैध, लाल म्हणजे फाउल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस. सप्टेंबर हा वादळांचा महिना, तेव्हा घडीचा रेनकोट रोज पिशवीत हवा. छत्री स्टँडमध्ये उघडता येत नाही, मागच्यांची वाट अडते. छप्पर फक्त प्रेक्षकांवर आहे, मैदान उघडं. आणि वारा असला की खालच्या मजल्यावरच्या पुढच्या रांगाही भिजतात. स्वस्तातला वरचा मजला अशा रात्री भाव खाऊन जातो.

भालाफेकीची अंतिम फेरी ७:२३ ला सुरू झाली. बारा जण, तिसऱ्या फेरीनंतर दहा उरतात, चौथीनंतर आठ, पाचवीनंतर सहा. जुन्या पद्धतीत तीन फेऱ्यांनंतर एकदाच आठ निवडत. आता दर फेरीला कुणीतरी बाहेर जातं, त्यामुळे 'शेवटच्या फेरीत बघू' असं म्हणायला वाव नाही. सचिनने पहिल्याच फेकीत ८६.२७ टाकले आणि चौथा आला, कांस्यापासून ४० सेंटीमीटर दूर. नीरज ८४.०३ वर अडकला, पाचव्या फेकीला फाउल झाला आणि आठव्या स्थानावर थांबला. अर्शद नदीम दहावा. त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने ८८.१६ ने सुवर्ण नेलं, पीटर्स ८७.३८, अमेरिकेचा कर्टिस थॉम्प्सन ८६.६७. ज्याने फक्त या रात्रीचं तिकीट घेतलं होतं त्याने नीरजच्या पाच फेकी पाहिल्या, त्यातल्या दोन फाउल.

भालाफेक संपल्यावर बरेच भारतीय उठले, आणि चुकले. दहानंतर महिलांची ४०० मीटर झाली. ओल्या ट्रॅकवर सिडनी मॅकलॉफलिन-लेव्हरोन ४७.७८ सेकंदांत पळाली आणि मॅरिलिडी पॉलिनो ४७.९८ मध्ये. मारिटा कोखचा ४७.६० चा विश्वविक्रम १९८५ पासून उभा आहे. त्याच्या इतक्या जवळ तोवर कुणीच आलं नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुमोचा सप्टेंबर बाशो (सुमो कुस्तीची स्पर्धा) १४ तारखेपासून र्‍योगोकुच्या कोकुगिकानमध्ये चालू होता. वरच्या श्रेणीच्या कुस्त्या दुपारी पावणेचारच्या आसपास सुरू होतात आणि सहाला सगळं आटोपतं. र्‍योगोकु ते सेंदागाया पिवळ्या लोकलने थेट, पंचवीस मिनिटांच्या आत. एका दिवसात दोन्ही जमतं, फक्त सुमोचं तिकीट महिनाभर आधी काढावं लागतं आणि ॲथलेटिक्सची पहिली एक-दोन धाव चुकतात.

रात्री २०० मीटर: नोआ लाइल्स १९.५२, जेफरसन-वुडन २१.६८.

खाण्याचं सांगून टाकू. शाकाहारी माणसाची अडचण दुकानातल्या तयार पदार्थांत होते, कारण वरून निरामिष दिसणाऱ्या भातात किंवा रश्शातही माशाचा अर्क असतो. ओनिगिरीत (भाताच्या गोळ्यांत) खारवलेल्या उमेच्या फळाची त्यातल्या त्यात बरी, तरी पाकिटावरची घटकांची यादी फोनवर भाषांतर करून वाचावी. केळी, ब्रेड, दही सगळीकडे मिळतं. घरच्यासारखं जेवायचं असेल तर पूर्वेला निशि-कासाई. भारतीय वस्ती मोठी, तशी दुकानंही.

२० सप्टेंबर, शनिवार

पुन्हा सकाळ. २० किलोमीटर चालीत दंड दोन मिनिटांचा असतो. विश्वविक्रम ज्याच्या नावावर आहे तो जपानचा तोशिकाझु यामानिशी घरच्या रस्त्यावर आघाडीला असतानाच दंडाच्या चौकटीत गेला आणि पदकाच्या शर्यतीतून बाहेर पडला. ब्राझीलचा कायो बॉनफिम जिंकला. महिलांत पेरेझने दुसरं सुवर्ण घेतलं आणि जपानच्या नानाको फुजीने कांस्य.

डेकॅथलॉन, म्हणजे दहा प्रकारांची एकत्र स्पर्धा, याच दिवशी सुरू झालं. ते पूर्ण पाहायचं म्हणजे दोन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत. आवड असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

२१ सप्टेंबर, रविवार

शेवटच्या दिवसाची सकाळ बहुतेकांनी सोडून दिली असेल. आदल्या रात्री पुरुषांच्या ४×४०० रिलेच्या प्राथमिक फेरीत बॅटन बदलताना अमेरिकेचा मार्ग अडवला गेला होता. तोडगा म्हणून रविवारी सकाळी अमेरिका आणि केनिया, दोनच संघांची शर्यत झाली. जिंकेल तो अंतिम फेरीत. नऊ लेनच्या ट्रॅकवर दोनच संघ. अमेरिका जिंकली, आणि रात्री बोट्स्वानाने २:५७.७६ मध्ये तिला हरवलं. आफ्रिकेला या शर्यतीचं हे पहिलंच जागतिक सुवर्ण.

संध्याकाळी मुसळधार पाऊस. थाळीफेकीचं वर्तुळ अडीच मीटर व्यासाचं, काँक्रीटचं, आणि फेकणाऱ्याच्या बुटाचा तळ गुळगुळीत, कारण गिरकी घ्यायची असते. वर्तुळात पाणी साचलं की गिरकीत पाय निसटतो. टॉवेलांनी पुसून पुसून थकल्यावर स्पर्धा थांबवावी लागली, महिलांची उंच उडीही थांबली. पावसात रखडलेल्या स्पर्धेला वेळापत्रक नसतं. स्टेडियम सोडायचं की नाही ते फलकावर पाहून ठरवावं, आभाळाकडे पाहून नाही. अखेर डॅनियल स्टालने ७०.४७ मीटर थाळी फेकली. त्या पावसात ७० मीटर.

बाहेर पडताना सेंदागायाच्या रांगेत उभं राहू नये. योत्सुयाच्या दिशेने अर्धा तास चालावं. पाऊस असेल तर गाइएनमाए जवळ.

२२ सप्टेंबर, सोमवार

मंगळवारी २३ ला शरद संपाताची सुट्टी, म्हणून सोमवारी निघणाऱ्यांची संख्या मोठी. पश्चिमेकडच्या तोकाइदो शिनकान्सेनवर सामानाचा नियम उत्तरेपेक्षा वेगळा आहे: तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर डब्यातली शेवटच्या रांगेची सामानासह जागा आरक्षित करावी लागते, नाहीतर गाडीत १,००० येन भरावे लागतात. २५० च्या वरचं सामान घेतच नाहीत. त्यापेक्षा बॅग २१ तारखेच्या सकाळीच हिरोशिमाच्या हॉटेलवर रवाना करावी. सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. पास असेल तर 'हिकारी'ने शिन-ओसाकाला जाऊन तिथे 'साकुरा' पकडायची, बदलायला निदान पंधरा मिनिटं ठेवायची. पास नसेल तर 'नोझोमी' हिरोशिमाला थेट जाते, सुमारे चार तासांत.